जाळ्याखालची गल्ली

नाही, सही नाही करायची मी — शहर सोडायचा कागद ठेवा खिशात, ओस्ताप रोमानोविच, चहा घ्या, जर्दाळूचा मुरंबा घरचा आहे. गाडी खोळंबलीय? जाळ्याखाली उभी आहे ना, मग खोळंबू दे, वर ड्रोन घोंगावतोय तोवर तसंही निघता येणार नाही. फार तर एवढं लिहून घ्या — पारास्का कोवालिव, वय एकाहत्तर, खेरसोन सोडणार नाही. लिहिलंत? भीती? वाटते की. पण नदीपलीकडे रशियनांकडचा कुणीतरी डोळ्यांवर ड्रोनचा चष्मा चढवून खुर्चीत बसणार, नि मी माझ्या अंगणातलं बीट कधी उपटायचं ते त्यानं ठरवायचं? का म्हणून? पूर्वी तोफेचा गोळा यायचा, तो काही बघून येत नव्हता. हा ड्रोन बघतो. सायकल बघतो, म्हातारीची पिशवी बघतो, चेहरा बघतो, नि मग येतो. आमचेही उडवतात, माहितीय मला — माझा भाचाच उडवतो. त्याला मी जेवलास का एवढंच विचारते, पुढचं नाही.

तर जाळं. डेन्मार्कच्या कोळ्यांनी आपली जुनी जाळी पाठवली, ती खांबांवर ताणली गल्लीभर — पहिले आठ दिवस अजून मासळीचा वास, सगळी मांजरं वर तोंड करून बसलेली. ड्रोन आला की पंखे अडकतात, लटकतो मेला. पण भोकं पडतात, ती कोण शिवणार? तुमचं खातं? चाळीस वर्षं मासेमारी संघात जाळी विणलीत ह्या हातांनी. मी गेले तर आठवड्यात चाळण होईल, पावाची गाडी यायची बंद, नि मग ह्या गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांनी काय खायचं? म्हणून राहिलेय. एवढंच कारण, दुसरं काय असणार? पान्तेलेय? माझ्या नवऱ्याचं काय मध्येच — तुमच्या कागदात आहे ना, पाणी आणायला गेले असता मृत्यू. झालं तर मग. हो, आम्ही इथेच होतो, ह्याच बाकावर, भिंतीआड, तासभर — बाहेर ते घोंगावणं चाललेलं. मग थांबलं. तो अर्धा बहिरा, माझ्या कानांवर चालायचा. मी नीट ऐकलं, नि म्हटलं, गेला तो, जा आता, पाणी संपलंय. गेला नव्हता. रस्त्याकडेला उतरून बसला होता, पंखे बंद, डोळा उघडा. बसतात तसे दबा धरून — आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तेव्हा नव्हतं. घरात अर्धी बादली होती, ओस्ताप रोमानोविच. अर्धी बादली होती, तरी मी म्हटलं जा. हे कुणाला बोलले नव्हते मी. लिहू नका.

नि असं बघू नका माझ्याकडे. दया नकोय, दोरा हवाय — नायलॉनचा, जाड, पुढच्या खेपेला घेऊन या. पान्तेलेय पडला त्या वळणावर मी दुहेरी विणलंय, आता तिथून चिमणीसुद्धा आत येणार नाही. नि वर येऊन बघणारा जो कोण आहे त्याला रोज दिसू दे, ही बाई शिडीवर चढते नि शिवते. मी हलणार नाही.

निघता? हो, थांबलाय ड्रोनचा आवाज, मलाही कळतंय. मग? माझ्या तोंडाकडे काय बघताय — निघू का, हे मला विचारायचं नाही. ड्रायव्हरकडे ड्रोन ओळखायचं यंत्र आहे, त्याला विचारा, नाहीतर बसा इथेच रात्रीपर्यंत, अंगणातल्या बिटाचं गरम बोर्श्ट आहे. मी कुणाला जा म्हणत नाही. निघालात तर दार ओढून घ्या.