एका पायावर लटकलेला इसम

नाही, पण मी म्हणतो, माणूस उलटा आहे की सुलटा, एवढं साधं ठरवता येऊ नये? तेही चित्रातला माणूस! चांगली शिकलीसवरलेली माणसं एका टेबलाभोवती बसलीयत, मध्ये एक कार्ड पडलंय, आणि त्या एवढ्याशा कार्डावरून घरात आठवडाभर, तुम्हाला सांगतो, आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललेलं नाही! आणि ज्याच्यासाठी ते कार्ड काढलं तो मी, मला कुणी विचारतंय का? नाव नको! बरं, आपलं काही म्हणणं नाही.

म्हणजे झालं काय, मी लिफ्ट दुरुस्त करतो. तुम्ही 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी वाचता आणि शिव्या देत देत जिना चढता ना, त्या शिव्या ज्याला लागतात तो मी. लिफ्टच्या टपावर बसायचं, हातात बटणांची पेटी, आणि मुंगीच्या चालीनं वर वर सरकत दारं, दोर, कड्या तपासायच्या. अंधार असतो, तेलाचा वास असतो, आणि प्रत्येक मजल्यावरचं भांडण अर्धं अर्धं ऐकू येतं. पुढं काय झालं ते कळत नाही, कारण तोवर आपण वरच्या मजल्यावर, दुसऱ्याच भांडणात! मला आवडतं हो ते. उगाच कशाला लपवू? तिथं वर मला जेवढं बरं वाटतं तेवढं जमिनीवर कुठंच वाटत नाही.

पण गुडघा! गुडघा कुरकुरायला लागला, ते साहेबांनी बघितलं. साहेब म्हणजे आमचे असे... बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणार आणि मग तो काढायला विसरणार. म्हणाले, "अरे, किती दिवस माकडासारखा दोराशी खेळणार? ऑफिसात ये. खुर्ची आहे, पंखा आहे. फोन घ्यायचे, कोण कुठं जाईल ते ठरवायचं. शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरा बघतो." हात अजून खांद्यावरच!

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "घ्या." बस, एवढंच. एरवी भाजी आणायला पाठवताना हिची सूचना संपत नाही, आणि इथं एक शब्द. कारण आहे त्याला. दुपारी माझा फोन गेल्याशिवाय ही जेवत नाही, लग्न झाल्यापासूनचा नेम. कधी फोन करायला उशीर झाला तर पलीकडून "हॅलो"सुद्धा येत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मग जरा वेळानं, "जेवलात?" त्या एका 'जेवलात'मध्ये काय काय असतं ते मला कळतं, मी काही दगड नाही. पण आई तिकडून म्हणते कशी, "त्याला कोंडून घालू नका गं! लहानपणी वर्गात बसला नाही, तो आता खुर्चीत बसणार? महिन्याभरात सुकून जाईल माझं पोर!" पोर म्हणजे मी. ह्या वयात, ह्या टकलासकट!

आता दोघींच्या मध्ये कोण पडणार? तर मेहुणी! ही आधी केस कापायची, मग मेणबत्त्या करायची, हल्ली टॅरो कार्डं वाचते. मी म्हटलं, "भविष्य सांगतेस म्हणे?" तर म्हणाली, "भविष्य नव्हे हो भावजी, मार्गदर्शन! मनात प्रश्न धरा. धरलात? नीट धरलात ना? आता डाव्या हातानं एक कार्ड ओढा." ओढलं. तिनं ते चित्र वर करून टेबलावर ठेवलं, आणि असा काही श्वास घेतला की आमची हिनं टेबलाची कड पकडली.

चित्रात काय होतं, तर, मेहुणीच्या बाजूनं सांगतो, एक आडवं लाकूड, त्याला एका पायानं लटकलेला माणूस, डोकं खाली! दुसरा पाय मुडपून मागं घेतलेला, हात पाठीशी, डोक्याभोवती पिवळा उजेड, आणि चेहरा... चेहरा असा शांत, जणू न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसलाय!

बायको ओरडली, "अगं बाई, फाशी!" मेहुणी म्हणाली, "फाशी कशी ताई, मान मोकळी आहे त्याची! हा स्वतःहून लटकलाय. जग उलटं बघितलं की जे दिसत नाही ते दिसतं, असा ह्याचा अर्थ. थांबा, घाई करू नका, हातातलं सोडून द्या." की लगेच बायको, "ऐकलंत? सोडून द्या! लिफ्ट सोडा!" आणि तितक्यात आई, "ऐकलंस ना? थांबा म्हणतोय तो! आहेस तिथंच थांब!"

एकच माणूस, एकच दोर, आणि दोघींना दोन निरोप! बरं, इथं तरी मिटावं की नाही? पण आई माझ्या शेजारी बसलेली. तिनं चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "पण हा उलटा कुठाय गं? मला तर उभा दिसतोय. एका पायावर. नाचतोय की चांगला!"

झालं! समोरच्या बाजूला बायको आणि मेहुणी, त्यांना तो लटकलेला. आमच्या बाजूनं तो ताठ उभा. मेहुणी म्हणाली, "मावशी, कार्ड वाचणाऱ्याच्या बाजूनं बघायचं असतं." आई म्हणाली, "प्रश्न कुणाचा? ह्याचा ना? मग ह्याच्या बाजूनं बघा! नोकरी माझ्या मुलाची, आणि बघायचं तुझ्या खुर्चीतून?" मेहुणीनं तिच्या शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. बाई पलीकडून अगदी डॉक्टरच्या आवाजात, "कार्ड ठेवताना मनगट कसं फिरलं होतं?" मनगट! कुणाच्या लक्षात असणार? तिनं परत ठेवून दाखवलं, बायकोनं ठेवून दाखवलं, आईनं ठेवून दाखवलं, प्रत्येकीचं मनगट आपापल्या सोयीनं फिरलं.

मी मध्येच विचारलं, "उलटं धरलं तर अर्थ काय निघतो?" मेहुणी म्हणाली, "कार्ड उलटं आलं, म्हणजे माणूस असा उभा दिसला, तर विनाकारण लटकत राहू नका. फुकटचा त्याग करू नका. हला!" लगेच बायको, "हेच ते! विनाकारण लटकू नका, म्हणजे लिफ्ट सोडा!" आणि आई, "फुकटचा त्याग करू नका, म्हणजे आवडीचं काम सोडू नको!" म्हणजे बघा, तो उलटा असला तरी तेच, सुलटा असला तरी तेच. मग त्या बिचाऱ्याला टांगला तरी कशाला? पण आपलं काही म्हणणं नाही!

निकाल लागेपर्यंत कार्ड हलवायचं नाही, असं ठरलं. टेबल जेवायचं! म्हणजे ताटं कडेनं ठेवायची, आमटीचा डाव त्या इसमावरून जपून न्यायचा. आणि हलवायचं नाही म्हटलं तरी आई टेबल पुसताना हळूच फिरवणार, बायको पाण्याचा जग ठेवताना परत फिरवणार. सकाळी लटकलेला, दुपारी उभा, संध्याकाळी पुन्हा लटकलेला! एवढा गरगर फिरवला, पण चेहरा बघाल तर तोच, शांत. मला कधी कधी वाटायचं, ह्या घरात माझ्यासारखा एवढा एकच आहे.

शेवटी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि जोडीदाराला दाखवला. जोडीदाराला सगळे बोल्ट म्हणतात, बुटका आणि घट्ट आहे म्हणून. टपावर मी असलो की खाली तो, आमच्यात एकट्यानं कुणी चढत नाही. म्हटलं, बाहेरचा माणूस आहे, काहीतरी वेगळं दिसेल. त्यानं फोटो मोठा केला, डोळे बारीक केले, आणि म्हणाला, "हेल्मेट कुठाय?"

मी म्हटलं, "अरे, अर्थ सांग अर्थ!" तो कुठला ऐकतोय! "पट्टा नाही, दोर एकच, तोही लाकडाला! आणि गाठ बघ, ही गाठ कुणी मारली? चप्पल एवढी गुळगुळीत, पाय सुटला म्हणजे? आणि ह्याचा जोडीदार कुठाय? चहा प्यायला गेला असेल! तक्रार करायला पाहिजे." मी म्हटलं, "बोल्ट, ते शरणागतीचं प्रतीक आहे." तर म्हणाला, "असू दे. पण आपल्याकडे शरणागतीलासुद्धा दोन दोर लागतात." आणि जेवायला बसला. एवढं एक मत खरं आपल्या कामाचं वाटलं, पण त्यातूनही नोकरी घ्यायची की नाही ते निघेना.

असा शुक्रवार उगवला. मी टपावर, बोल्ट खाली, आणि काम मध्यावर. आता आमची एक पद्धत आहे, ती ऐका. लिफ्टच्या बोगद्यात आवाज घुमतो, शब्द फुटतात, म्हणून खालच्यानं काही सांगितलं की वरच्यानं तेच्या तेच, शब्दाला शब्द, मोठ्यानं परत म्हणायचं. "एक मजला वर!" असं आलं की "एक मजला वर!" म्हणायचं, आणि मगच काय ते हलायचं. ह्यात डोकं चालवायचं नसतं. डोकं चालवलं की बोटं जातात. इतकी वर्षं झाली, आता ते तोंडाला आपोआप येतं, मन दुसरीकडे असलं तरी.

आणि मन होतंच दुसरीकडे! म्हणजे मी तिथं दोराला हात लावून बसलो होतो आणि मनाशी ठरवत होतो... नव्हे, ठरवलंच होतं हो! साहेबांना सांगायचं, मी वरच बरा. गुडघ्याला पट्टा बांधीन, हिला दिवसातून तीनदा फोन करीन, पण मी वरच बरा. वाक्यसुद्धा तयार होतं. आणि तेवढ्यात खालच्या दारातून साहेब डोकावले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "सोमवारपासून ऑफिसात बसणार!"

विचारलं होतं त्यांनी. पण त्या बोगद्यात विचारलेलं आणि सांगितलेलं सारखंच ऐकू येतं. आणि मी, तुम्हाला सांगतो, छाती भरून, शब्दाला शब्द, वरून ठणठणीत ओरडलो, "सोमवारपासून ऑफिसात बसणार!"

खाली टाळ्या! बोल्टसुद्धा वाजवतोय, गाढव! मी खाली उतरेपर्यंत साहेबांनी माझी जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती आणि खांद्यावर हात ठेवला होता. मी म्हटलं, "साहेब, ते मी..." तर म्हणाले, "बोलू नकोस, तुझा उत्साह वरूनच ऐकू आला!"

घरी काय झालं असेल? मेहुणी म्हणाली, "बघा, तुम्ही काही केलं नाहीत आणि आपोआप झालं, हेच ते कार्ड!" आई म्हणाली, "मी म्हणतच होते, तो उभा होता, चालायला लागला." आणि बायको? स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी जरा वेळानं जाऊन नळ बंद केला.

आता बसतो ऑफिसात. खुर्ची आहे, पंखा आहे, फोन आहेत. लोकांची भांडणं आता पूर्ण ऐकू येतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि काय सांगू, अर्धीच बरी होती! पण दुपारी घरी फोन केला की तिकडून बायको तोंडात घास घेऊन बोलते. आधीच जेवायला बसलेली असते. वजनही थोडं वाढलंय तिचं, छान दिसतं.

परवा सुट्टी होती. दोघंच होतो घरात. बायको माझ्या गुडघ्याला तेल चोळत होती, आणि चोळता चोळता थांबली. म्हणाली, "एक विचारू? सगळ्यांनी आपापलं म्हणणं सांगितलं. पण तुम्हाला स्वतःला काय हवं होतं हो?"

विचारलं! अखेर कुणीतरी विचारलं! उत्तर जिभेवर होतं, अगदी तयार वाक्य. मी तिच्याकडे बघितलं. चांगली झोपलेली, वेळेवर जेवलेली, हात माझ्या गुडघ्यावर... आणि डोळ्यांत परत ते आधीचं, फोनची वाट बघणारं, यायला लागलेलं.

म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? तुझ्या बहिणीला विचार!"