तिकिटावरचं नाव

(मार्लेन कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या विद्यापीठात, कुंबा सेनेगलमधल्या सेंट-लुईच्या विद्यापीठात. विद्यार्थ्यांना एकमेकींकडे पाठवण्याचं काम दोघी एकोणीस वर्षं बघताहेत. बोलणं व्हिडिओवर.)

मार्लेन : परत सांग. मला नीट ऐकू आलं नाही.

कुंबा : आलंय. कान लाल झालेत तुझे. तिकिटावरचं माझं नाव काढ आणि त्या मुलीचं, आवा गेचं घाल.

मार्लेन : तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

कुंबा : सकाळपासून तरी आहे.

मार्लेन : अगं, दोनदा तुझा व्हिसा नाकारला. एरवी दरवर्षी मी अर्जात तुझ्या भेटीचा खर्च घालायचा आणि वरच्यांनी तो खोडायचा. यंदा खोडला नाही. का, तर पैसे देणाऱ्या संस्थेने मदतच बंद केली, शेवटचं वर्ष, म्हणून समारोपाला एकीने या! व्हिसाही आला. आज दुपारी तिकीट पक्कं करायचं, आणि तू...

कुंबा : आवाचाही व्हिसा आलाय. निवड झाली, व्हिसा झाला, मग तुमच्या लोकांनी चार जागांच्या तीन केल्या. चौथी ती.

मार्लेन : माझे लोक नाहीत ते.

कुंबा : माहीत आहे गं.

मार्लेन : आणि तिकीट दिलं तरी ती चार महिने राहणार कुठे, खाणार काय? नुसती फी माफ असून भागतं का?

कुंबा : माझ्यासाठी खोली तयार केलीस ना?

मार्लेन : ती तुझ्यासाठी रंगवलीय! भिंती स्वतः घासल्यात मी. ल्यूक बिछान्यातून ओरडत होता, राणी येणार आहे का म्हणून.

कुंबा : मग राणीची खोली विद्यार्थिनीला दे. मुलगी भांडी घासते, तुझ्या नवऱ्याशी पत्तेही खेळेल. हरायची मात्र नाही हं, त्याला सांगून ठेव.

मार्लेन : हसवू नकोस. तुला यायचंच नाहीये.

कुंबा : तीन झगे शिवून घेतलेत मी. शिंपी विचारतो, आजीबाई, लग्न कुणाचं? डिसेंबरात मी निवृत्त होतेय, त्यानंतर मला कोण बोलावणार आणि कोण व्हिसा देणार? आणि तू म्हणतेस, यायचं नाही.

मार्लेन : चुकलं माझं.

कुंबा : काल आवा आली होती ऑफिसात. रडली नाही. गेल्या वर्षी तिकडे आलेल्या फातूने तिला आपला जाड कोट दिला होता ना, तो परत करायला आली. नीट घडी घालून. म्हणाली, ताई, पुढच्या कुणाला तरी लागेल. आता पुढे कुणी जाणारच नाही, हे माझ्याच्याने बोलवलं नाही.

मार्लेन : हे तू आधी का नाही सांगितलंस?

कुंबा : आधी सांगितलं असतं तर ओरडली नसतीस. तुला ओरडू द्यायचं होतं.

मार्लेन : पण हा खर्च समारोपाच्या भेटीसाठी मंजूर झालाय. विद्यार्थिनीवर कसा टाकू?

कुंबा : कलम नऊ. विद्यार्थ्यांसाठी वळवता येतो. तूच लिहिलंयस.

मार्लेन : मेलं कुठून लिहिलं ते!

कुंबा : तू ये ना इकडे. पुढेमागे, स्वतःच्या पैशांनी. मासे-भात करीन. इतका करीन की तुला उठवायला दोघं लागतील.

मार्लेन : ल्यूकला उठवायला मी लागते, कुंबा. रोज चारदा.

कुंबा : हो. विसरले नव्हते. म्हणायचं म्हणून म्हटलं.

मार्लेन : थांब, उघडते ते पान... आवा गे. जन्मतारीख?

कुंबा : पाठवलीय तुला. पहाटेच.

मार्लेन : म्हणजे ठरवूनच बसली होतीस. झालं. तीन तारखेला पोचेल. मीच जाईन घ्यायला.

कुंबा : आल्या आल्या खाऊ घाल. विमानातलं ती खाणार नाही.

मार्लेन : कोंबडीचा रस्सा करीन. तुझ्यासाठी करणार होते तोच.

कुंबा : कर.

मार्लेन : कुंबा, तू उंच आहेस का गं?

कुंबा : हे काय मधेच?

मार्लेन : आधी कितीतरी वर्षं नुसता आवाज, मग गळ्यापर्यंतचा चेहरा. त्याखाली मी तुला पाहिलेलंच नाही. विमानतळावर मिठी मारताना मान वर करावी लागेल की खाली, हेच मनात घोळवत होते महिनाभर.

कुंबा : आता या गुडघ्यांना उठायला लावतेस?

मार्लेन : ऊठ ना.

कुंबा : उठले. दिसतेय?

मार्लेन : नुसतं पोट दिसतंय. मागे सरक. अजून.

कुंबा : मागे भिंत आहे, बाई.

मार्लेन : मग तशीच उभी राहा. जरा वेळ.