एकाच मापाच्या कामट्या

मयुरी: फळी आत आणा ना दादा, बाहेर ऊन हाये.

इस्तारी: आणू नको. अंगणातच राहू दे तिले.

अमर: भाऊ, साधी लाकडाची फळी हाये. एका बाजूनं डोस्कं टेकवाचं, दुसऱ्या बाजूनं पाय. मिनिटाचं काम. सकाळपासून गावातले सगळे लहान लेकरं मोजून झाले. तुमचा नातूच तेवढा राह्यला.

इस्तारी: मंग उभा करून मोज. चंदाची पोरगी उभीच मोजली तू. मी पाह्यलं.

अमर: ते मोठी हाये. दोन वर्षाच्या आतलं लेकरू झोपवूनच मोजा लागते.

मयुरी: आन उभा कसा करन मामाजी? दीड वर्षाचा झाला प्रणित, अजून भिंत धरून उभा राहत नाई. बसवलं तसा बसते, ठेवलं तिथी राहते.

इस्तारी: म्हणून का फळीवर टाकाचं? जित्या लेकराले असं सीधं कोणी झोपवत नाई.

अमर: मंग कोणाले झोपवते?

इस्तारी: तू आरमोरीचा म्हणते ना बा? तुमच्याकडं नसन मालूम.

मयुरी: मामाजी खड्डे खोदते, दादा. गावात लहान लेकरू गेलं का त्याले जाळत नाई, गाडते. त्याचं माप मामाजी घेते. बांबूच्या कामटीनं.

इस्तारी: डोस्क्यापासून टाचेलोक. तेवढी कामटी तोडाची, तेवढा खड्डा खोदाचा, आन ते कामटी लेकराच्या बाजूलेच ठेवाची. वापस घरी आणत नाई. तुही फळी बी तेच काम करते. लेकरू जितं असते, एवढाच फरक.

अमर: मी रोज लेकरं झोपवतो हिच्यावर. बोंबलते, लाथा मारते, एकानं त माह्या शर्टावर मुतलं आज. काही होत नाई कोणाले.

इस्तारी: पह्यले बी असेच मोजाले आले होते लोकं. मी तुह्या वयाचा होतो. अशीच फळी होती.

अमर: तेच काम हाये हे. त्यायनं तवा ज्याले ज्याले मोजलं, त्यायचे लेकरं आता आम्ही मोजून राह्यलो. एवढ्या वर्षात काय बदललं ते पाहाचं हाये.

इस्तारी: मंग काय बदललं?

अमर: उंची बदलली. बाप या वयात जेवढा होता, त्याच्याहून पोरगं बोटभर, दोन बोटं लांब निंगते. पण दंड तसेच हाये बऱ्याच जणायचे. लांब झाले, भरले नाई.

इस्तारी: तुह्याच दंडाले लाव ना ते मापाची रंगीत पट्टी आधी. फोकावाणी हाये.

अमर: लावली होती. हिरव्यात आलो, पण काठावर.

इस्तारी: आन खड्डे कमी झाले, ते नाई पाहत का तुमी? पह्यले पावसाळाभर कुदय घरात येतच नव्हती. दाराबाहेर टेकून राहे. आता तिले गंज चढला. ह्या मयुरीचं लग्न झालं तवापासून एकडाव नेली असन.

अमर: मंग चांगलंच झालं ना भाऊ. आन तवाचे लेकरं काही फळीनं नाई गेले. गोवर होता, हगवण होती, पोटात दाणा नव्हता.

इस्तारी: मले येडा समजते का बे? फळीनं कोणी मरत नाई, मले मालूम हाये.

मयुरी: मंग काऊन अडवता? अंगणवाडीच्या बाईनं याच्या दंडाले पट्टी लावली, लाल रंगावर आली. लाल आलं का दवाखान्यात ठेवा लागते म्हणे. लेकराच्या संगं मायले बी ठेवते, दोघायलेबी खाले देते. दादाची गाडी आत्ता आरमोरीलेच चालली. तुमी रोज म्हणता, उद्या पाहू.

इस्तारी: याच्या बापाले, प्रवीणले येऊ दे.

मयुरी: तो तेलंगणात मिरच्या तोडून राह्यला. मिरच्या सरल्याबिगर मुकादम सोडत नाई त्याले. तवरक हा थांबन का? काल याच्या डोयाजवळ माशी बसली होती. यानं हात बी उचलला नाई. नुसता पाहत होता तिच्याकडं.

अमर: रडते का वहिनी?

मयुरी: संक्रातीपासून नाई रडला. शेजारच्या बाया म्हणते, केवढं गुणाचं लेकरू हाये तुहं.

अमर: हा गुण नाई वहिनी. रडाले बी ताकद लागते. भाऊ, आजच नेऊ याले. माप राहू द्या मंग. दंडाच्या पट्टीवर बी भरती करून घेते.

इस्तारी: नाई.

अमर: काऊन पण?

इस्तारी: याचं माप निंगालं हाये.

मयुरी: कोणं घेतलं?

इस्तारी: माह्या हातानं.

मयुरी: तुमी याले आजलोक उचलून बी घेतलं नाई मामाजी.

इस्तारी: म्हणूनच नाई घेतलं. माहा हात लेकराले लागला का लेकरू पाहत नाई, लांबी पाहते. पण न लागता बी निंगालं. परसात जाऊन पाहा.

मयुरी: परसात काय हाये?

इस्तारी: कामट्या. मासोया धराचा सापळा कराले बसलो होतो. त्याले लहान लागते, मोठ्या लागते. मोठी तोडाले जातो, कोयता तिथीच पडते. लहान तोडाले जातो, तिथीच पडते. सगळ्या एका मापाच्या. दुसऱ्या दिवशी डोये मिटून तोडल्या. तरी तेवढ्याच.

मयुरी: तो ढीग? मले वाटलं कुंपणासाठी केल्या तुमी.

इस्तारी: कोयता कोठ्यात फेकून आलो. हात धुवून जेवाले बसलो, तुनं वाढलं, आठवते का? तू म्हणली, मामाजी, हातातला कोयता त ठेवा.

मयुरी: म्हणली होती.

अमर: सवय असते भाऊ हाताले. एवढे वर्ष केलेलं काम.

इस्तारी: सवयच म्हण. पण सवय चुकत नाई. म्हणून सांगतो, नेऊ नका याले. परकं गाव, परकी खाट. कोण जाणे कोण हात लावन. इथी मायच्या मांडीवर हाये, राहू दे. जाईन त इथून जाईन. माती त घरची भेटन.

मयुरी: दादा, फळी आणा आत.

इस्तारी: मयुरी.

मयुरी: मी परसातून एक कामटी आणते.

इस्तारी: त्यातली नको आणू, बाई. हात जोडतो.

मयुरी: तुमीच म्हणता माप निंगालं. मी माय हाये, मले पाहू द्या.

(मयुरी कामटी घेऊन येते. अमर फळी आत आणून जमिनीवर ठेवतो. प्रणितला तिच्यावर झोपवतात.)

अमर: डोस्कं असं धरा वहिनी, दोन्ही हातानं. मी गुडघे हलकेच दाबतो. झालं. हलत बी नाई हा. आता ठेवा कामटी बाजूले.

मयुरी: डोस्क्याच्या फळीले टेकवली. पाहा मामाजी.

इस्तारी: मी नाई पाहत.

मयुरी: पाहा म्हणते. याच्या टाचेच्या पुढं गेली कामटी. चार बोटं.

इस्तारी: सरकली असन.

अमर: नाई सरकली भाऊ. मी बी पाहून राह्यलो.

इस्तारी: दुसरी लावून पाहा.

मयुरी: सगळ्या एका मापाच्या म्हणले ना तुमी?

इस्तारी: माहा हात कधी चुकला नाई. असं होत नाई.

अमर: एक सांगू का? दीड वर्षाचं पोरगं एवढंच पाह्यजे. कामटीएवढं. बराबर खाल्लेलं, बिमार न पडलेलं पोरगं या वयात एवढं लांब होते. हा चार बोटं मागं राह्यला.

इस्तारी: म्हणजे मी दुसऱ्या कोण्या लेकराचं माप तोडून राह्यलो?

अमर: असं काऊन म्हणता?

इस्तारी: सकाळपासून गाव मोजलं ना तुनं? कोणाचं आलं एवढं?

अमर: ते नाई सांगत मी.

इस्तारी: म्हणजे आलं.

अमर: भाऊ, एका वयाचे दोन-चार लेकरं कोणत्याबी गावात सारखे निंगते. तुमी त्यायच्या दारात जाऊन उभे राहू नका, म्हणून नाई सांगत.

मयुरी: कोणाचं नाई. याचंच हाये. पण आजचं नाई. तुमच्या हिशोबानं लेकरू कामटीएवढं झाल्याबिगर खड्डा नाई खोदत ना?

इस्तारी: नाई खोदत.

मयुरी: मंग आज न्याले काय हरकत हाये?

इस्तारी: आन तिथी खाऊनपिऊन चार बोटं वाढला त?

अमर: चार बोटं वाढाले वर्ष लागन भाऊ.

इस्तारी: वर्षानं वाढला त?

मयुरी: तवा तो गल्लीत पयत असन. पयणाऱ्याले कामटी लावून दाखवा तुमी.

अमर: मी गाडी वळवतो वहिनी. आधार कार्ड घ्या, दोन लुगडे घ्या. याले टोपी घाला, अंग थंडं हाये याचं.

मयुरी: मामाजी, भांड्यात भात हाये, वरणावर झाकण ठेवलं हाये. कोंबड्या सांजेले झाका. मी तिथी गेली का फोन करते.

इस्तारी: मी घरी नाई राहत.

मयुरी: काऊन?

इस्तारी: घरी कोणी नसलं का मी परसात जाऊन बसन.

मयुरी: मंग येता का संगं?

इस्तारी: येतो. दे इकडं त्याले, मी धरतो. हातात लेकरू असलं का हात कामट्या तोडाले बसत नाई.