लिफ्टचा पास

...आणि वर ऑफिसातले क्लार्ककाका मलाच विचारतात, "मग आत्ता कशी आलीस?" आता तुम्हीच सांगा, शाळेच्या लिफ्टचा पास देणारं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, तर पास मागायला मी जाणार कशी, उडत? तुम्हाला सांगते, कोविड होऊन चौदा महिने झाले, ताप चारच दिवस होता, पण तेव्हापासून जिना चढले की छाती धडधडते, पायांत जीव राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी केस विंचरायचंही त्राण नसतं... आणि रिपोर्ट? रिपोर्ट नॉर्मल. रक्त नॉर्मल, छातीचा फोटो नॉर्मल, ईसीजी तर असा की डॉक्टर म्हणाले, "माझ्यापेक्षा छान आहे." मग घ्या ना बदलून.

आत्या म्हणते, "पंधराव्या वर्षी कसला गं थकवा? आम्ही तुझ्या वयात..." आत्या एकदा त्या वयात शिरली की जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर येत नाही.

तर चढले मी. बाकावरची मैत्रीण सोबत होती म्हणून. रोजच असते, वर्गही तिसऱ्याच मजल्यावर ना. माझं दप्तर तिच्या खांद्यावर, आणि मी दम खायला थांबले की ती वर्गातल्या बातम्या देते, कोण कुणाशी बोलत नाही, कोणी कुणाची वही लपवली... अर्धा आठवडा घरी छत बघत पडलेली असते मी. बाकी सगळ्यांनी विचारणं कधीच सोडलं. मला जगाची खबर मिळते ती त्या तीन जिन्यांवर.

क्लार्ककाकांनी कागद उलटसुलट पाहिले. "अगं, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत." मी वाद घालणार होते, मुद्दे पाठ करून आले होते, पण उभंच राहवेना. तिथेच खाली बसले, फायलींच्या कपाटाला टेकून. वीस मिनिटं. काकांना कपाट उघडायचं होतं... म्हणून मिळाला पास.

त्यावर लिहिलंय, 'फक्त एका विद्यार्थिनीसाठी. सोबत कोणी नाही.' मैत्रीण म्हणाली, "बरं झालं गं, वर भेटू." आता मी चाळीस सेकंदांत वर. भिंतीपलीकडे जिन्यावर ती कुणाला तरी काहीतरी सांगत असते, हसू ऐकू येतं, शब्द नाही. ती वर्गात येते आणि बाई हजेरी सुरू करतात.

काल आत्याने विचारलं, "आता काय बिनसलं? मिळाला ना पास?"

म्हटलं, काही नाही आत्या. सगळं नॉर्मल.