माझ्या वजनाची खात्री

नाही ताई, कोणी तक्रार केलेली नाही — मीच आलो, आपल्या मनानं — शिडी आत घेऊ ना? जिन्यात कुणाला लागायची. त्या टांगत्या खुर्चीचा छतातला हुक तेवढा बघतो आणि जातो. चार महिने झाले ना बसवून? दर चार महिन्यांनी बघावाच लागतो, नियम आहे. कुणाचा म्हणजे — माझाच. आजपासूनचा समजा. सासरे झोपलेत का? खुर्चीतच? असू द्या, असू द्या, उठवू नका. आपण हळू बोलू.

त्या दिवशी मी हुकाला लटकलो तेव्हा तुम्ही हसला होतात. सगळेच हसतात. धंद्यात मला वटवाघूळ म्हणतात — जड काही टांगायचं आहे? बोलवा वटवाघळाला. तीस वर्षं माझी एकच रीत — हुक बसवला की दोन्ही हातांनी धरायचा, पाय शिडीवरून सोडायचे आणि शंभर आकडे मोजायचे, घाई न करता. मी चौऱ्याण्णव किलोचा गडी. मला पेललं की पंखा काय, झुंबर काय, सगळं पेलेल. वजनाच्या पिशव्या घेऊन कोण हिंडतो? मी म्हणायचो, माझी पिशवी माझ्याबरोबरच चालते. — पाणी नको ताई, राहू द्या.

आता बघताय ना माझ्याकडे? बारीक झालोय, दिसतंच. मला दिसलं नाही, हे सांगितलं तर पटेल तुम्हाला? पँट सैल झाली की माणसाला कळतं. पण आमच्या घरी आमची ही माझ्या पँटी गुपचूप कंबरेत आत घेत होती. तीनदा. मला चिंता नको म्हणून — आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की मी ओरडतो म्हणून. दम लागायचा, ते वयावर ढकललं. आणि गंमत बघा, लटकणं मात्र सोपं झालं होतं. हात दुखेनात. मी खूश — म्हटलं, या वयात अंगात जोर येतोय. गेल्या सोमवारी दवाखान्यात काट्यावर उभा राहिलो, तर बासष्ट. म्हटलं काटा बिघडलाय. वाटेत हार्डवेअरवाल्याच्या काट्यावर सिमेंटची गोणी ठेवून बघितली — पन्नासला पन्नास बरोबर. मग त्याच काट्यावर मी चढलो. बासष्ट.

आजार काय आहे ते कळेल पुढच्या आठवड्यात, त्याचं सोडा. मी तिथंच उभा राहून मागचे सहा महिने आठवले. सात हुक. सात ठिकाणी मी म्हणालो, मला पेललं म्हणजे बिनघोर राहा. चार दिवस तेच हुक तपासत फिरतोय, घरोघर. पाच घट्ट निघाले. सहावं झुंबर होतं, एका जेवणाच्या टेबलावर — नुसता हात लावला तर हुक अर्धा इंच खाली आला. घरातले कामावर गेले होते, म्हातारी आई एकटी घरात. तिनं मला चहा विचारला, मी झुंबर उतरवलं आणि तिला सांगितलं, पुसायला नेतो. सांगता आलं नाही खरं. हा सातवा.

तुमच्याकडे सगळ्यात शेवटी का आलो? लांब पडतं तुमचं घर — नाही, ते खोटं. सरळच सांगतो. या हुकाची मला पहिल्या दिवसापासून शंका होती. भोक पाडताना स्लॅबमधली सळई लागली, तुम्ही चहा करत होतात. अशा वेळी पहिलं भोक बुजवायचं आणि निदान वीतभर लांब दुसरं पाडायचं. मी दोन बोटंच सरकलो, कारण खुर्ची बरोबर खिडकीसमोर हवी होती, सासऱ्यांना रस्ता दिसावा म्हणून. दोन भोकांमध्ये स्लॅब राहतो किती? बिस्किटाएवढा. मला कळत होतं. पण म्हटलं, लटकून बघू — लटकलो, शंभर मोजले, हललासुद्धा नाही. मग शंका गिळली. तुमच्या सासऱ्यांचं वजन नव्वद किलोच्या पुढे असेल ना? आणि ते झोके घेतात.

रागवा, पण नंतर. आधी शिडी धरा, चढतो मी. — धरली? — हं. टॉर्च... थांबा. ताई, हलू नका. हुकाची पट्टी आणि छत यांच्यामध्ये माझं नख जातंय. नख नाही, बोट जातंय. नाही, हाक मारू नका, दचकून उठले तर झटका बसेल. शिडीवर मी तोल सांभाळतो, सोडा ती. ते बुटकं टेबल आहे ना, त्यावरचं सगळं खाली ठेवा, आवाज न करता — आता खुर्चीखाली सरकवा. पाय लागू देऊ नका त्यांचा. अजून थोडं. फट राहिली? मग उशा घाला, पुस्तकं घाला, काय मिळेल ते — मी वरून खुर्चीची साखळी धरलीय. पेलेल का मला ते विचारू नका, मला माहीत नाही.

खुर्ची टेकली? नीट बघून सांगा.

बरं. आता उठवा त्यांना. नाही, तुम्हीच हाक मारा. आणि ते उभे राहिले की मला सांगा, मी वर बघतोय.