उस्तादाची जागा

“हॅलो? …हो, आईच बोलतेय. …अगं, ऐक ना आधी.”

मस्तुराने ओल्या हातानेच फोन कानाशी धरला. पलीकडे तिची मुलगी जुल्हुमार होती, फरगाना शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स. इकडे मर्गिलानमधल्या घराच्या अंगणात रेशमाचा ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, चौकटीवर ताणला होता आणि मस्तुराचा नवरा एरगश हातात फडकं घेऊन चौकटीच्या डोक्याशी, उस्तादाच्या जागी, घुम्यासारखा बसला होता.

“यांच्या डोळ्यांत थेंब घालते गं वेळेवर. …मोतीबिंदू, काचबिंदू, दोन्हींचं एकदम केलं, मग आता लख्ख दिसायला नको? …हो, हो, आडव्या रेघा दिसतात. उभ्या मात्र एकीच्या दोन. …रागावणार कुणावर? नफिसावर. सुनेनं कोळशानं नक्षी आखली, यांनी पुसली. म्हणे, असल्या वाकड्या रेघांवर गाठी बांधून रेशीम रंगवायचं? …तिनं पुन्हा आखली. आता हे पुन्हा पुसायला बसलेत, आणि ती माहेरी जायला निघालीय.”

मस्तुराने फोन दुसऱ्या कानाशी धरला.

“…टाक्यांनी? बुबुळावरचा पडदा ओढला जातो, म्हणून एकीच्या दोन दिसतात? …मग सावकाश बसेल म्हणतेस. …चष्मा इतक्यात नको, बरं. …बाजूनं बघायचं? काय बोलतेस जुल्हुमार! बाजूला शिकाऊ पोरं उभी राहतात. उस्ताद डोक्याशीच. तुझे आजोबासुद्धा… बरं, बरं. सांगते.”

फोन पोटाशी धरून तिने निरोप सांगितला. बाजूला उभं राहिलं की त्याच रेघा आडव्या होतील, लेक म्हणतेय, एकदा बघा. एरगश फडकं चोळत बसून राहिला. सुनेची खोली उघडल्याचा आवाज आला, तेव्हा तो उठला.

“उठले गं. …थांब. …गेले बाजूला. …वाकलेत. …रेघेवरून हवेतच बोट फिरवतायत. …म्हणाले, एकच आहे. …सरळ आहे म्हणाले. …हो, नफिसा दारात आहे. बोचकं काखेत. …गप्प बस जरा, ऐकू दे.”

मस्तुराचा आवाज खाली आला.

“तिला म्हणाले, ‘पोरी, डोक्याशी तू उभी राहा. मी इथं बाजूला बरा आहे.’ …नाही, अजून दारातच आहे. …बोचकं ठेवलं. …डोक्याशी उभी राहिली गं. …आता तू का रडतेस? डोळ्यांच्या दवाखान्यात? पेशंट बघतील. ठेव, ठेव.”