अकरा कागदांवरचा एक अंगठा

मी, कारखान्यात ज्याला वाऱ्या म्हणतात तो, वय २३ वर्षे, शिक्षण पाचवी, धंदा स्टीलचे नळ पॉलिश करणे, राहणार कारखान्यामागच्या कामगार खोल्या, खोली नंबर ९, मूळ घर दोन दिवसांच्या प्रवासावर, आज सकाळी ११ वाजता आपल्या पायाने पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की,

मी तीन वर्षांपूर्वी इथे लागलो. त्याआधी कुठेच चार महिन्यांच्या वर टिकलो नाही, म्हणून हे नाव पडलं. काम मला पॉलिशवाल्या काकांनी शिकवलं. आम्ही एकाच खोलीत राहायचो.

मी लागून पंधरा दिवस झाले होते. मालकाने प्रत्येक कामगाराला विम्याची योजना समजावून त्याच्याकडूनच कागद भरून घ्यायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते. आमच्या खात्यातल्या अकरा जणांना सही येत नाही आणि त्यांचे अंगठे उमटेनात. पॉलिशच्या चाकावर घासून घासून बोटांच्या रेघा जातात, नुसता शाईचा डाग येतो. जेवणाच्या सुट्टीत कारकुनाने मला ऑफिसात बोलावलं. तुझा अंगठा अजून नवा कोरा आहे म्हणाला, आणि स्टोअरचं बसून काम देतो म्हणाला. मी अकराही कागदांवर अंगठा लावला.

कागदावर 'योजना नको' असं छापलं होतं. मी ते वाचलं होतं. कारकुनाला तसं बोललो. तो म्हणाला, "तुला कधीपासून वाचता यायला लागलं?" ऑफिसातले हसले. मीपण हसलो.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "वाऱ्या, माझा अंगठा उमटत नव्हता, मग कागदाचं काय झालं? काकूचं नाव लागलं ना?"

मी म्हणालो, "झालं काका."

त्यांनी लगेच घरी फोन करून काकूंना कळवलं. मी शेजारीच जेवत होतो.

स्टोअरचं काम मिळालं नाही.

गेल्या महिन्याच्या ४ तारखेला काका चाकापाशी छातीत कळ येऊन पडले आणि दवाखान्यात नेताना वारले. काल काकू विम्याच्या पैशांचं विचारायला आल्या. कारकुनाने त्यांना कागद दाखवला, की तुमच्या नवऱ्यानेच विमा नाकारलाय. त्या तिथे रडल्या नाहीत. खोलीवर काकांचे कपडे बांधताना मला म्हणाल्या, "तीन वर्षं माझ्याशी खोटं बोलले रे. आता भांडू तरी कुणाशी?" काकांचा चांगला शर्ट त्यांनी मला दिला. मी घेतला.

काका खोटं बोलले नव्हते. हे काकूंना लेखी मिळावं आणि तो कागद काकांचा धरू नये. माझं जे व्हायचं ते होऊ दे.

ठसा जुळवायला हवालदारांनी माझा अंगठा तीन वेळा दाबून घेतला. तिन्ही वेळा डागच आला. तरी त्या कागदांवरचा ठसा माझाच आहे.

वर लिहिलेलं मला ऐकवलं, मग मी स्वतः बोट ठेवून वाचलं. सांगितलं तसंच उतरलंय. खाली सही करतो.